साठच्या दशकाच्या वळणाचा नवा स्वीडिश बँड कसा शोधावा

स्टॉकहोममधल्या रेकॉर्डच्या दुकानात ‘एल्यार्नास त्रेदगोर्द’ या जुन्या बँडची तबकडी शोधायला गेलेला परदेशी गिऱ्हाईक ‘ए’ अक्षराचा खण दोनदा उचकून रिकाम्या हाताने परत फिरतो. नावाचे पहिले अक्षर ‘ए’सारखेच दिसते, पण त्याच्या डोक्यावर दोन टिंबे असतात, आणि स्वीडिश वर्णमालेत टिंबांचा ‘ए’ हे स्वतंत्र अक्षर असून ते ‘झेड’च्याही नंतर येते. २९ अक्षरांच्या त्या मालेच्या शेवटी तीन अक्षरे बसलेली असतात: वर गोल असलेला ‘ए’, दोन टिंबांचा ‘ए’ आणि दोन टिंबांचा ‘ओ’. त्यामुळे ही तबकडी दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला, बहुधा कोपऱ्यातल्या शेवटच्या खणात, निवांत पडलेली असते.

घरी बसून फोनवर शोध घेणाऱ्याचीही गत फार वेगळी नसते. साठच्या दशकातल्या सायकेडेलिक रॉकचे, म्हणजे गुंगवून टाकणाऱ्या, लांबत जाणाऱ्या वादनाच्या रॉकचे संस्कार असलेला एखादा नवा स्वीडिश बँड ऐकावासा वाटला, म्हणून आपण गाण्यांच्या ॲपमध्ये तसे शब्द टाकतो आणि समोर येतात तीच आठ-दहा नावे, जी गेल्या वर्षीही आली होती. गंमत अशी की यांतले सर्वांत मोठे ॲप, म्हणजे स्पॉटिफाय, स्टॉकहोममध्येच जन्मले. २००६ मध्ये त्याची स्थापना झाली आणि २००८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तरी स्टॉकहोमच्याच एखाद्या तळघरात सराव करणारा बँड त्याच्याकडून आपल्यापर्यंत पोहोचेल याची खात्री नाही. अशी ॲपे मुख्यतः लोक काय ऐकतात यावरून शिफारस करतात, आणि नव्या बँडला अजून लोकांनी ऐकलेलेच नसते.

म्हणून या शोधात मी पाळत आलो आहे तो नियम आधी सांगतो: बँड शोधू नये, वादक शोधावेत. स्वीडन हा सुमारे एक कोटी वस्तीचा देश आहे आणि त्यातही या प्रकारचे संगीत करणारी मंडळी मोजकी, एकमेकांच्या ओळखीची आणि एकाच वेळी दोन-तीन बँडांत वाजवणारी आहेत. त्यामुळे एका चांगल्या ड्रमवादकाचे नाव हाती लागले की त्याच्या मागोमाग चार बँड सापडतात. यासाठी एक साधी वही आणि तीन रकाने पुरेत: वादकाचे नाव, त्याचे वाद्य, आणि तो आपल्याला कुठल्या तबकडीवर भेटला.

आधी कान तयार करणे

नवे ऐकण्याआधी जुने ऐकणे अपरिहार्य आहे, कारण ‘साठच्या दशकाचा प्रभाव’ हा शब्दप्रयोग फारच ढिला आहे. लंडनचे १९६७ वेगळे, सॅन फ्रान्सिस्कोचे वेगळे आणि स्टॉकहोमचे तर आणखी वेगळे. नव्या बँडच्या कानावर यांपैकी कोणते १९६७ पडले आहे हे ओळखता आले की निम्मी निवड तिथेच होते.

स्टॉकहोमचे १९६७ म्हणजे प्रामुख्याने पेर्सन साउंड. रॉयल संगीत महाविद्यालयात शिकणारे बो अँडर्स पेर्सन हे या गटाच्या मध्यभागी होते. त्याच वर्षी अमेरिकी संगीतकार टेरी रायली स्टॉकहोमला आले, त्यांची ‘इन सी’ ही रचना तिथे वाजवली गेली, आणि छोटे स्वरखंड पुन्हा पुन्हा वाजवत राहण्याची ती पद्धत या मंडळींच्या अंगात भिनली. विजेवर चालणारे चेलो, टेपवर फिरत राहणारे आवाजाचे तुकडे, गिटारींचा घुमारा आणि एकाच स्वराभोवती पंधरा-वीस मिनिटे घुटमळणारी वाद्यसंगत असे त्यांचे रूप होते. १९६८ मध्ये स्टॉकहोमच्या आधुनिक कलासंग्रहालयात अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांचे प्रदर्शन भरले तेव्हा या गटाने तिथे वाजवले होते. मात्र गट चालू होता तोवर त्यांची एकही तबकडी निघाली नाही. ध्वनिमुद्रणे २००१ मध्ये, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळाने, दोन सीडींच्या संचात बाहेर आली. त्यात ट्यूनिसपासून भारतापर्यंत पौर्णिमेच्या रात्री केलेल्या प्रवासाचे नाव धारण करणारी एक रचनाही आहे. पुढे याच गटाने नावे बदलली: १९६८ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर, नंतर नुसते हार्वेस्टर, आणि अखेर ‘त्रेद, ग्रेस ओक स्तेनार’, म्हणजे ‘झाडे, गवत आणि दगड’.

मराठी श्रोत्याला इथे एक सोय आयतीच मिळालेली आहे. तंबोऱ्याच्या सतत चालणाऱ्या स्वरावर ज्याचा कान वाढला आहे, त्याला वीस मिनिटे एकच आधारस्वर चालू राहणे कंटाळवाणे वाटत नाही. उलट त्या स्वराच्या पोटात काय काय हालते आहे हे तो आपोआप ऐकू लागतो. पुढे टेरी रायली १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले, आणि स्टॉकहोममध्ये जन्मलेल्या संगीतकार कॅथरीन क्रिस्टर हेनिक्स यांनीही प्राणनाथांकडेच शिक्षण घेतले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले होते हे आपल्याकडे सांगायला नकोच. तरी सालांची उलटापालट करून पेर्सन साउंडच्या १९६७ च्या वादनाला मिरजेचे ऋणी ठरवू नये; ते नाते नंतरचे आहे. नाते असो वा नसो, कानाला मिळालेली तयारी मात्र खरी आहे आणि तिचा उपयोग करून घ्यावा.

याच काळातल्या आणखी तीन वाटा ऐकून ठेवाव्यात. ऑर्गन आणि ड्रम्स एवढ्याच दोन वाद्यांवर चालणारी बो हान्सन आणि यान्ने कार्लसन यांची जोडी. त्यांची एक रचना प्रसिद्ध अमेरिकी गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांनाही वाजवावीशी वाटली. दुसरी वाट केन्नी होकान्सन यांची, जे बेबी ग्रँडमदर्स या तीन जणांच्या कर्कश बँडमधून निघून पुढे केब्नेकाइसे या बँडमध्ये गेले आणि तिथे गावाकडच्या फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, वाजणाऱ्या चाली विजेच्या गिटारीवर वाजवू लागले. तिसरी वाट रॉकची नाहीच: पियानोवादक यान योहान्सन यांनी १९६४ मध्ये फक्त पियानो आणि डबल बास घेऊन स्वीडिश लोकगीतांची जी तबकडी काढली ती. ती ऐकल्यावर स्वीडिश चालींमधला तो संथ, किंचित उदास उतार ओळखीचा होतो, आणि मग फझ लावलेल्या, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाच्या गिटारीच्या आडूनही तो ऐकू येतो. माझ्या मते स्वीडनच्या सायकेडेलिक रॉकला वेगळेपण दिले ते याच उताराने. लंडनची नक्कल करणारे बँड जगभर आहेत. हा उतार मात्र दुसरीकडे मिळत नाही.

एका वादकामागून

आता प्रत्यक्ष माग कसा काढायचा ते एका उदाहरणाने दाखवतो. सुरुवात डुंगेनपासून करावी. या नावाचा अर्थ ‘ती राई’ असा होतो. ‘डुंगे’ म्हणजे झाडांचा छोटा पुंजका आणि शेवटचा ‘न’ हा स्वीडिशमध्ये ‘ती विशिष्ट’ असे सांगणारा प्रत्यय. गुस्ताव एयस्तेस हे या बँडचे कर्तेधर्ते. गाणे, गिटार, पियानो, बासरी, फिडल हे सगळे ते स्वतः वाजवतात आणि गातात फक्त स्वीडिशमध्ये. हिप-हॉपसाठी जुन्या तबकड्यांमधले तुकडे उचलता उचलता ते साठच्या दशकातल्या संगीतापर्यंत पोहोचले, म्हणजे शोधणारा म्हणून ते आपल्यातलेच. २००४ मध्ये त्यांची ‘ता दे लुंग्त’, म्हणजे ‘सबुरीने घ्या’, ही तबकडी आली आणि एक शब्दही न समजणाऱ्या अमेरिकी श्रोत्यांनी ती डोक्यावर घेतली.

ती ऐकताना गिटारीकडे लक्ष द्यावे. ज्या ठिकाणी गिटार फाटक्या आवाजात वर चढते आणि तरीही सूर सोडत नाही, तिथे वाजवणाऱ्याचे नाव रेइने फिस्के. हे नाव वहीत पहिले लिहावे. मग डिस्कॉग्स या संकेतस्थळावर, जिथे जगभरचे संग्राहक तबकड्यांची पानोपानी नोंद करतात, त्या नावावर टिचकी मारावी. तिथे त्या वादकाने जिथे जिथे वाजवले त्याची यादी उघडते. स्टॉकहोमचा ‘द अमेझिंग’ हा बँड तिथे सापडेल. नॉर्वेचे एलिफंट नाइन आणि मोटरसायको हेही सापडतील. फ्रेंच गायिका मेलडी प्रोशे यांनी ‘मेलडीज एको चेंबर’ या नावाने २०१८ मध्ये काढलेल्या तबकडीवरही फिस्के आहेत, कारण ती बरीचशी स्वीडनमध्येच घडली.

पण आपल्या कामाची नोंद वेगळी आहे. २०१८ मध्येच ‘त्रेदेन’, म्हणजे ‘ती झाडे’, या नावाची एक तबकडी निघाली. हा म्हणजे वर सांगितलेला ‘झाडे, गवत आणि दगड’ हाच जुना गट, नाव आखडून घेतलेला. जुन्यांपैकी गिटारवादक याकोब शोहोल्म त्यात आहेत, आणि त्यांच्या शेजारी फिस्के. ड्रम्सवर आहेत हाना ओस्तेरग्रेन. हे नाव अनोळखी वाटते, म्हणूनच ते वहीत जावे. त्यांच्या नावावर टिचकी मारली की गोथेनबर्गचा ‘हिल्स’ हा बँड निघतो. हिल्सची २०१५ ची तबकडी ‘फ्रीद’, म्हणजे ‘शांती’, ऐकली की पेर्सन साउंडचा तोच घुमारा पन्नास वर्षांनी नव्या हातांत आलेला कळतो.

आता वादक सोडून तबकडीच्या पाठीवरचे लेबल, म्हणजे प्रकाशक कंपनीचे नाव, पाहावे. हिल्सला बाहेर आणले ते इंग्लंडच्या रॉकेट रेकॉर्डिंग्ज या छोट्या लेबलने. त्याच्या यादीत गोट आहे, योसेफिन ओर्न यांचा बँड आहे, ‘फ्लॉवर्स मस्ट डाय’ आहे, आणि हे सगळे स्वीडिश आहेत. एका गिटारवादकापासून निघून आपण चार उड्यांत चार बँडांपर्यंत आलो. यातली एकही उडी ॲपच्या शिफारशीने मारली नाही. स्टॉकहोमच्या सब्लिमिनल साउंड्स या लेबलचेही असेच. पेर्सन साउंड आणि बेबी ग्रँडमदर्स यांचे जुने साहित्य त्यांनी बाहेर काढले आणि डुंगेनही त्यांनीच काढला. जुने आणि नवे एकाच हाताने निवडणारे लेबल सापडले, तर त्याची नवी तबकडी कधीही न ऐकता वहीत लिहायला हरकत नाही.

लेबलांची पाने बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर पाहावीत. तिथे प्रत्येक तबकडीखाली ती विकत घेतलेल्या श्रोत्यांची छोटी छोटी चित्रे दिसतात आणि त्यांवर टिचकी मारली की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. हिल्स, त्रेदेन आणि आणखी एखादी अगदी अप्रसिद्ध स्वीडिश तबकडी, या तिन्ही ज्याच्या संग्रहात आहेत असा एखादा श्रोता गाठावा आणि त्याने गेल्या सहा महिन्यांत काय घेतले ते पाहावे. मला सर्वांत चांगले बँड याच वाटेने मिळाले आहेत.

टिंबे, शब्द आणि वार

स्वीडिश नावे टाइप करताना टिंबे वगळू नयेत. ‘त्रेद’ म्हणजे झाड. त्यातल्या ‘ए’वरची टिंबे काढली की ‘त्राद’ होते, आणि ते तर पारंपरिक लोकसंगीतासाठी जगभर वापरले जाणारे संक्षिप्त रूप आहे. मी एकदा टिंबांविना शोध घेऊन सबंध रात्र आयरिश फिडल आणि न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जाझमध्ये घालवली. रात्र वाया गेली असे म्हणवत नाही, पण काम झाले नाही. फोनच्या कळफलकावर ‘ए’ किंवा ‘ओ’ जरा वेळ दाबून धरला की टिंबांची अक्षरे वर येतात. दुसरी अडचण उलट प्रकारची, म्हणजे फार साध्या नावांची. ‘गोट’ शोधले तर शेळ्या येतात आणि ‘हिल्स’ शोधले तर टेकड्या. अशा वेळी नावाला गावाची जोड द्यावी: हिल्ससोबत गोथेनबर्ग, गोटसोबत कोर्पिलोम्बोलो. हे फिनलंडच्या सीमेजवळचे उत्तरेकडचे खेडे आपले मूळ आहे, असे गोटची मुखवटे घातलेली मंडळी सांगतात. सांगण्यावर किती विश्वास ठेवावा हे ज्याने त्याने ठरवावे. शोधासाठी ते नाव उत्तम चालते.

स्वीडिश भाषा येण्याची गरज नाही, पण पाच-सहा शब्द पाठ असावेत. ‘लोत’ म्हणजे गाणे आणि ‘स्कीवा’ म्हणजे तबकडी. तबकडीच्या पाठीवर ‘टेक्स्ट’ असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ गाण्याचे बोल. ‘त्रुम्मोर’ म्हणजे ड्रम्स, ‘मेदवेर्कान्दे’ म्हणजे सहभागी वादक, आणि ‘इन्स्पेलाद’ म्हणजे ध्वनिमुद्रित. त्याच्या पुढे गावाचे किंवा स्टुडिओचे नाव येते आणि तेही टिपून ठेवण्यासारखे असते. ‘सायकेडेलिक’ या शब्दाचे स्वीडिश रूप ‘प्सिकेडेलिस्क’ आहे. लिहिताना इंग्रजीतला ‘सी-एच’ जाऊन तिथे एकटा ‘के’ येतो आणि शेवटी ‘आय-एस-के’. हे रूप टाकून शोधले की इंग्रजी पानांची गर्दी एकदम ओसरते.

सर्वांत मोलाचा शब्द मात्र ‘फोरबान्द’. मुख्य बँडच्या आधी अर्धा-पाऊण तास वाजवणारा बँड, असा त्याचा अर्थ. स्टॉकहोमचे डेबासर किंवा गोथेनबर्गचे पुस्टरविक अशा कार्यक्रमस्थळांची पुढच्या दोन-तीन महिन्यांची पत्रके त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. त्यांत आपल्या वहीतला एखादा बँड दिसला की त्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत कोण आहे ते वाचावे. आधी वाजवायला कोणाला बोलवायचे हे पुष्कळदा मुख्य बँडच सुचवतो, त्यामुळे ती एका वादकाने दुसऱ्याची केलेली शिफारस असते. त्याच्या जोडीला ‘स्लेपफेस्ट’, म्हणजे नवी तबकडी बाहेर येण्याच्या रात्रीचा कार्यक्रम, हा शब्दही शोधावा. ज्याची स्लेपफेस्ट पुढच्या आठवड्यात आहे, त्याच्याहून नवा बँड मिळणे कठीण.

लहान गावांतून इतके बँड निघतात तरी कसे, असा प्रश्न इथे पडू शकतो. तिथल्या नगरपालिका मुलांसाठी संगीतशाळा चालवतात, आणि सरकारी अनुदानावर चालणारी प्रौढशिक्षणाची मंडळे बँडना सरावासाठी खोली उपलब्ध करून देतात. बँडचा सराव हा त्यांच्या लेखी अभ्यासवर्गच असतो. म्हणून शोध राजधानीपुरता ठेवू नये. नोरशोपिंग, लिनशोपिंग, ओरेब्रो, उमेओ या गावांची नावेही टाकून पाहावीत.

नवी तबकडी बहुधा शुक्रवारी येते. २०१५ पासून जगभर तोच वार ठरलेला आहे. स्वीडन आपल्या मागे हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असतो. त्यामुळे तिथले रात्रीचे थेट प्रक्षेपण ऐकायचे तर आपल्याला मध्यरात्र ओलांडून जागावे लागते.

ऐकून पारख

सापडलेला प्रत्येक बँड ठेवण्याजोगा नसतो. या प्रकारात वेशभूषेला फार वाव आहे: फुलाफुलांचे शर्ट, वितळल्यासारखी अक्षरे, मुखपृष्ठावर जांभळे मशरूम. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे बँड डझनाने मिळतात. म्हणून मुखपृष्ठ उलटे ठेवावे आणि हेडफोन लावून आधी फक्त ड्रम्स ऐकावेत.

असे का, ते सांगतो. १९६७ च्या सुमारास युरोपातल्या चांगल्या स्टुडिओतही टेपवर चारच पट्ट्या, म्हणजे स्वतंत्र आवाज साठवायच्या जागा, मिळत. सबंध ड्रम्स-संच एका पट्टीत कोंबावा लागे, आणि स्टिरिओ करताना ती पट्टी कित्येकदा एका कानात ढकलली जाई. आजचा बँड संगणकावर हव्या तितक्या पट्ट्या वापरू शकतो, तरी काही बँड जुनेपणाचा भास आणण्यासाठी ड्रम्स मुद्दाम एका कानात सरकवतात. ही सजावट झाली. ती आवडली तर आवडो, पण तीवरून भुलू नये. खरी खूण वेगळी असते. ड्रमजवळ ठेवलेले मायक्रोफोन थोडेच असतील तर ड्रम्ससोबत खोलीही ऐकू येते: झांजेचा आवाज पसरट आणि किंचित धुरकट होतो, मोठ्या ड्रमचा ठोका छातीवर न बसता पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. डुंगेनच्या ध्वनिमुद्रणांत हे जागोजागी आहे.

दुसरी चाचणी बोटांनी करायची. गाणे सुरू झाले की टेबलावर बोटाने लय धरावी आणि घड्याळात पाहून पंधरा सेकंदांत किती ठोके पडले ते मोजावे. सातव्या-आठव्या मिनिटाला, सगळी वाद्ये भरात आली असताना, पुन्हा मोजावे. ठोके तंतोतंत तेवढेच आले, तर ते लोक बहुधा कानात मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारे यंत्र, घालून वाजवत आहेत. दोन-तीन ठोके वाढले असतील, तर ते एकमेकांना ऐकत एकत्र वाजवत आहेत आणि लय त्यांच्यासोबत चढली आहे. भजनाची लय शेवटाकडे कशी चढते हे ज्याने मांडीवर ताल धरून अनुभवले आहे, त्याला हा फरक न मोजताही कळेल. साठच्या दशकाचा वारसा गिटारीच्या पेडलपेक्षा या चढण्यात जास्त आहे, असे माझे ठाम मत आहे.

तिसरे म्हणजे गिटारीवरचा फझ मनातल्या मनात पुसून टाकावा. फझ म्हणजे ट्रान्झिस्टरला पेलवणार नाही एवढा आवाज देऊन त्याच्या लाटेची टोके छाटून टाकणे. त्यामुळे कोणताही सामान्य सूर अंगावर येतो. तो काढून घेतल्यावर खाली गुणगुणता येईल अशी चाल उरते का? उरली, आणि तिला यान योहान्सन यांच्या पियानोतला तो उतार असेल, तर बँड ठेवावा. गाणी स्वीडिशमध्ये असतील तर माझ्याकडून एक गुण जास्त, कारण त्या भाषेचे हेल चालीला आपल्याकडे ओढून घेतात. अर्थात हा नियम आंधळेपणाने लावला तर गोथेनबर्गचा ‘द साउंडट्रॅक ऑफ अवर लाइव्ह्ज’ हातचा जाईल, आणि ते इंग्रजीतच गाणारे असले तरी त्यांना सोडणे म्हणजे करंटेपणा.

अलीकडे आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. २०२५ च्या जूनमध्ये ‘द व्हेल्व्हेट सनडाउन’ नावाचा, जुन्या रॉकच्या धाटणीचा एक ‘बँड’ स्पॉटिफायवर अवतरला, काही आठवड्यांत त्याचे मासिक श्रोते दहा लाखांपलीकडे गेले, आणि जुलैमध्ये त्याच्याच परिचयात कबुली आली की हे संगीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने केलेले आहे. तो स्वीडिश नव्हता, पण जुन्यासारखे ऐकू येणारे संगीत यंत्राला किती सोपे जाते हे त्यातून दिसले. अशा ठिकाणी आपली वही कामी येते. वादकांची नावे नाहीत, आधीच्या बँडांचा माग नाही, एकाही कार्यक्रमाच्या पत्रकावर उल्लेख नाही, आणि दोन महिन्यांत तीन तबकड्या. असे दिसले की पुढे जावे. गोटसारखे मुखवटे घालणारे लोक नावे लपवतात हे खरे, पण ते हजारो माणसांसमोर घाम गाळून वाजवतात.

विकत घेणे आणि पत्र लिहिणे

आवडलेले संगीत विकत घ्यावे, आणि भारतात राहणाऱ्याने शक्यतो डिजिटल प्रत घ्यावी. बँडकॅम्प २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी आपला हिस्सा सोडून देते, त्या दिवशी घेतले तर बँडला जास्त पैसे पोहोचतात. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्यावे लागतात. रात्री बारा वाजता ते आठवण्यात अर्थ नसतो. तबकडीच हवी असेल तर टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून रक्कम कित्येकदा तबकडीच्या किमतीच्या वर जाते, हे धरून चालावे, आणि पावसाळ्यात मागवू नये. मी जूनमध्ये एका विक्रेत्याकडून मागवलेली तबकडी ऑगस्टमध्ये आली. पुठ्ठा पापडासारखा फुगलेला आणि तबकडी अशी वाकलेली की सुई प्रत्येक फेरीला होडीसारखी वरखाली होई. पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे तेवढे नीट वाजते. स्वीडनमध्ये किंवा जवळपास राहणारे कोणी नातेवाईक दिवाळीला येणार असतील तर त्यांच्या बॅगेत दोन तबकड्या सहज मावतात. स्टॉकहोमचे पेट साउंड्स किंवा गोथेनबर्गचे बेंगान्स या दुकानांची नावे त्यांना कळवावीत, आणि टिंबांच्या अक्षरांचा खण ‘झेड’च्या पुढे असतो हेही.

शेवटचे काम पत्राचे. नवा बँड लहान असतो तोवर त्याच्या पानावरचा संदेश बहुधा बँडपैकीच कोणीतरी वाचतो. इंग्रजीत चार ओळी पुरतात, सुरुवातीला ‘हेय’ आणि शेवटी ‘तक’ म्हणजे धन्यवाद. ‘तुमचे संगीत फार आवडले’ एवढेच लिहू नये. कोणत्या गाण्यात कितव्या मिनिटाला काय ऐकू आले ते लिहावे, आणि एखादा नेमका प्रश्न विचारावा: तिसऱ्या गाण्यातली बासरी कोणाची आहे, तबकडीवर नाव दिसत नाही. उत्तर येते तेव्हा त्यात बहुधा एखाद्या मित्राचे नाव असते, आणि हा मित्र सध्या दुसऱ्याच एका बँडमध्ये वाजवतो असेही लिहिलेले असते. ते नाव वहीच्या पहिल्या रकान्यात, टिंबांसकट.